आंदोलनानंतर कामावरून काढलेल्या कामगारांचे प्रश्न

कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंग, सूतगिरण्या आणि भातगिरण्यांतून येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते, आणि त्यांतील बहुतेकांची कथा सारखीच असते. मजुरी, जादा काम किंवा सुरक्षितता यांवरून कामगार एकत्र आले, तासभर किंवा दिवसभर काम थांबले, आणि पुढच्या आठवड्यात मोजक्या लोकांचे काम गेले. अशा पत्रांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे व कारखान्यांची ओळख त्यांच्या हितासाठी वगळली आहे.

प्रश्न : पांढरकवडा भागातील एका जिनिंगमध्ये मी सहा हंगाम रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, काम केले. यंदा एका सोबत्याची बोटे रेच्यात गेली, तेव्हा आम्ही बावीस जण जाळी बसवावी व जादा कामाचे पैसे मिळावेत म्हणून अर्धा दिवस गेटवर बसलो. दुसऱ्या दिवशी चौकीदाराने आम्हा पाच जणांनाच आत सोडले नाही. कागद काहीच दिला नाही. मालक आता म्हणतात, "मी कोणाला काढलेच नाही, हेच आले नाहीत." हंगामी माणसाला काही हक्क असतो काय?

उत्तर : असतो. मात्र आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मालकांचे आहे, म्हणून आधी त्याकडे पाहू. "हेच आले नाहीत" हा बचाव कामगार न्यायालयात इतक्या वेळा ऐकायला मिळतो की तो येणार असे धरूनच पावले टाकावीत. आजच एक साधे पत्र लिहा. कोणत्या तारखेला, किती वाजता आपण गेटवर हजर झालात, कोणी अडवले, काय सांगितले, आणि आपण आजही कामावर यायला तयार आहात, एवढेच त्यात असू द्या. आरोप, शिव्याशाप, जुनी उणीदुणी नकोत. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, आणि एक प्रत सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. हे पत्र मिळाल्यावर मालकाला आपल्याला कामावर घ्यावे तरी लागते, किंवा न घेण्याचे कारण लिहून तरी द्यावे लागते. तो गप्प राहिला, तर "हेच आले नाहीत" हे म्हणणे न्यायालयात टिकणे अवघड होते.

शिवाय, कामगार खरोखर काही दिवस गैरहजर राहिला असला तरी त्याचे नाव परस्पर हजेरीपटावरून काढता येत नाही. डी. के. यादव यांच्या १९९३ च्या प्रकरणात कंपनीच्या स्थायी आदेशांतच, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांतच, तरतूद होती की आठ दिवसांहून अधिक काळ रजेशिवाय गैरहजर राहणाऱ्याची नोकरी आपोआप संपेल. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोकरी जाणे म्हणजे उपजीविका जाणे, आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय ती हिरावून घेता येत नाही.

आता हंगामीपणाचा मुद्दा. कामगार कपातीची नोटीस आणि भरपाई, म्हणजे एक महिन्याची नोटीस व प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, मागायची असेल तर बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम दाखवावे लागते, आणि जिनिंगच्या हंगामात तेवढे दिवस सहसा भरत नाहीत. येथेच अनेक कामगार, आणि खेदाने सांगतो, काही वकीलही, आपल्याकडे केसच नाही असे समजून घरी बसतात. आपली तक्रार कपातीची नसून सूडबुद्धीने काढल्याची आहे, आणि त्या तक्रारीला २४० दिवसांची अट नाही. अनुचित कामगार प्रथांबाबतच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिलीच नोंद कामावरून काढण्याविषयी आहे. सूड म्हणून काढणे, मालकाच्या अधिकाराचा केवळ देखावा करून काढणे, उघड खोट्या कारणाने काढणे, रजेशिवाय गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवून काढणे, किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा देणे, हे सर्व तेथे अनुचित ठरवले आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या दुसऱ्या अनुसूचीतही हे प्रकार आहेत.

बावीस जण बसले होते आणि गेट बंद झाले ते पाच जणांना. या पाचांनीच मालकाशी बोलणी केली होती काय? अर्जावर पहिल्या सह्या त्यांच्या होत्या काय? अपघाताचा जबाब त्यांनी दिला होता काय? तसे असेल तर सूडबुद्धीचा तोच आपला मुख्य पुरावा आहे, आणि तो तारखांसह मांडायला हवा. पुढच्या हंगामासाठीही एक गोष्ट लक्षात ठेवा. मोरिंडा साखर कारखान्याच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हंगाम संपल्यावर काम थांबणे ही कपात मानली नाही, पण कारखान्याने हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी आणि नव्या हंगामात ज्येष्ठतेनुसार बोलवावे, असेही सांगितले.

मुदत सर्वांत आधी पाहा. १९७१ च्या कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार ९० दिवसांत करायची असते. उशिरासाठी सबळ कारण पटवून देता येते, पण त्यावर विसंबू नये. दुसरा मार्ग समेट अधिकाऱ्याचा, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, आहे. तेथे ४५ दिवसांत तडजोड झाली नाही तर प्रकरण पुढे न्यायाधिकरणापर्यंत नेता येते आणि त्याची कमाल मर्यादा नव्या संहितेत दोन वर्षांची आहे. "मालक हंगाम संपल्यावर बोलावतो म्हणाले" या आशेवर ९० दिवस घालवलेले किती तरी कामगार मी पाहिले आहेत.

पुराव्याबद्दल एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी राळेगावकडचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले होते. पगारपत्रक एकही नव्हते. होती ती त्यांच्या पत्नीने वापरलेली शाळेची वही. प्रत्येक पानावर तारीख, दिवसपाळी की रातपाळी, मुकादमाचे नाव, किती रुपये हाती आले आणि किती बाकी राहिले, असे चार हंगाम लिहिलेले होते. काही पानांवर कापसाचे तंतू चिकटलेले होते. काम केल्याचा प्राथमिक भार कामगारावर असतो हे खरे, परंतु कामगाराने शपथेवर सांगितले, जवळ असेल ते दाखवले आणि मालकाचे हजेरीपट व वेतनपट मागवण्याचा अर्ज केला, तर ते दडवणाऱ्या मालकाविरुद्ध न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. त्या वहीनंतर हजेरीपट मागवण्याचा आमचा अर्ज मंजूर झाला आणि तडजोडीची भाषा समोरच्या बाजूने सुरू झाली. आपल्याकडेही बँक पासबुक, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, ईएसआय कार्ड, गेटपास, मुकादमाचे मोबाइलवरील संदेश यांपैकी काहीतरी नक्की असेल.

प्रश्न : आमच्या अमरावती जिल्ह्यातील सूतगिरणीत चारशेहून अधिक कामगार आहेत. थकीत पगारासाठी आम्ही एक दिवस रिंग फ्रेम (सूत कातण्याच्या यंत्रांचा) विभाग बंद ठेवला. आता अकरा जणांना निलंबित करून शब्दशः सारखेच आरोपपत्र दिले आहे. संप बेकायदा असल्याने बडतर्फी अटळ आहे, असे अधिकारी सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : संप बेकायदा ठरण्याची शक्यता मी नाकारणार नाही. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि नव्या संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकदम रजा टाकणे हाही संपच आहे. पगार थकलेला असतानाही नोटीस द्यावी लागते, हे पुढच्या वेळी विसरू नका. परंतु संप बेकायदा असला म्हणून प्रत्येक संपकऱ्याची बडतर्फी अटळ होत नाही. गुजरात स्टील ट्यूब्जच्या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामूहिक बडतर्फी मान्य केली नाही. केवळ संपात भाग घेतला एवढ्यावर शिक्षा देता येत नाही, कोणी नेमके काय केले हे माणसागणिक सिद्ध व्हायला हवे, ही त्यातली भूमिका आहे. आपली अकरा सारखी आरोपपत्रे नेमकी येथेच अडतात. वेतनाच्या कायद्यात दहा किंवा अधिक कामगार करारानुसार द्यायची नोटीस न देता एकजुटीने गैरहजर राहिल्यास आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची तरतूद आहे. एका दिवसाच्या शांततापूर्ण बंदासाठी थेट नोकरी घेणे हे प्रमाणाबाहेर आहे, असे म्हणायला हा चांगला आधार आहे. एसटीच्या २०२१-२२ च्या दीर्घ संपातही बडतर्फीची कारवाई मोठ्या प्रमाणावर झाली होती, आणि उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर होणाऱ्यांना कामावर घेण्यात आले.

आरोपपत्राला मुदतीत आणि प्रत्येकाने वेगवेगळे उत्तर द्या. ज्यांची त्या दिवशी पाळीच नव्हती, जे आजारी होते, जे केवळ उभे होते, त्यांनी ते स्पष्ट लिहावे. एकजूट दाखवण्यासाठी एकच उत्तर अकरा वेळा टंकलिखित करून देणे ही चूक मी वारंवार पाहतो, आणि तिचा फायदा व्यवस्थापनालाच होतो. चौकशीत सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी सोबत मागा, कागदपत्रांच्या प्रती लेखी मागा, प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी करा आणि रोजच्या कामकाजाची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. चौकशीवर बहिष्कार घालू नका. आपल्याएवढ्या कामगारसंख्येच्या आस्थापनेत निलंबनकाळात पहिले ९० दिवस निम्मे आणि त्यानंतर ७५ टक्के वेतन निर्वाहभत्ता म्हणून मिळाले पाहिजे. न मिळाल्यास तशी लेखी तक्रार करा, कारण उपाशी ठेवून चालवलेल्या चौकशीवर पुढे आक्षेप घेता येतो.

प्रश्न : मी तुमसर तालुक्यातील भातगिरणीत नऊ वर्षे काम करते. किमान वेतन मागायला आम्ही सहा बाया कामगार कार्यालयात गेलो. परत आल्यावर मालकाने ऑफिसात बोलावून, "हिशेब घे आणि सही कर" म्हणत कोऱ्या कागदावर सही घेतली. आता तो राजीनामा असल्याचे सांगतात. माझ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

उत्तर : ताई, आधी पैशांची चिंता दूर करतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. महिला आणि कामगार या दोन्ही नात्यांनी आपण पात्र आहात. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीत किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा प्राधिकरणात अर्ज करा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

धाक दाखवून किंवा फसवून घेतलेली सही हा राजीनामा नव्हे. पण गप्प राहण्यात गेलेला प्रत्येक दिवस आपल्या विरोधात बोलतो. "अमुक तारखेला कोऱ्या कागदावर सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे" असे पत्र लगेच मालकाला आणि कामगार अधिकाऱ्यांना पाठवा, आणि शक्य असेल तर त्याची प्रत पोलीस ठाण्यातही द्या. आपण सहा जणी कार्यालयात गेलात त्या दिवशीची आवक नोंद मागा. तक्रार केल्याची तारीख आणि "राजीनाम्या"ची तारीख शेजारी ठेवल्यावर बरेच काही स्पष्ट होते. हिशेबाचे पैसे हाती पडले असतील तर घाबरू नका. पुढे काही घ्यायची वेळ आली तर पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असे स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून लिहून घेऊन मगच अंगठा द्या.

प्रश्न : मी कोरपना तालुक्यातील सिमेंट कारखान्यात कंत्राटदाराकडे लोडिंगवर होतो. आंदोलनानंतर कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाही, कंत्राटदार म्हणतो कंपनीने गेटपास बंद केला. तक्रार कोणाविरुद्ध करायची?

उत्तर : दोघांविरुद्ध. कंत्राटदार आपला मालक आहेच, त्यामुळे काढल्याची जबाबदारी त्याला झटकता येत नाही. कंपनीविरुद्ध मात्र मार्ग नीट निवडा. सिप्ला प्रकरणाच्या २००१ च्या निकालानुसार मालक-कामगार हे नातेच वादात असेल, तर १९७१ च्या कायद्याखालील तक्रारीत ते ठरवता येत नाही. म्हणून कंत्राट हा केवळ देखावा आहे असा आपला दावा असेल, तर समेट अधिकाऱ्याकडून औद्योगिक विवादाच्या मार्गाने जा. काम कोण वाटून देत होते, रजा कोण मंजूर करत होते, कंत्राटदार बदलले तरी माणसे तीच राहिली काय, याचे पुरावे गोळा करा.

प्रश्न : केस चालेपर्यंत मी शेतमजुरी करतो. त्यामुळे मागील पगाराचा हक्क जातो, असे गावातले लोक सांगतात. (हिंगणघाट तालुका)

उत्तर : जात नाही. १९८४ मध्ये राजिंदर कुमार किंद्रा यांच्या प्रकरणात कामावरून काढलेला माणूस सासऱ्यांच्या कोळशाच्या वखारीत मदत करून घर चालवत होता. त्याला सर्वोच्च न्यायालयाने दुसरी नोकरी मानले नाही. दीपाली सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालानुसार, काढणे बेकायदा ठरले तर मागील पगारासह पुन्हा कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. कामगाराने आपल्याला तशी लाभदायक नोकरी नव्हती असे शपथेवर सांगायचे असते, आणि नंतर उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. मालकाने कामावर घेण्याच्या आदेशाविरुद्ध नागपूर खंडपीठात धाव घेतली, तर त्या काळात शेवटच्या पगाराइतकी रक्कम मागता येते.

एकच पथ्य पाळा. मजुरी लपवू नका. किती दिवस निंदणीला गेलात, किती दिवस कापूस वेचला, काय रोज मिळाला, हे खरेखरे सांगा. आणि मालकाने मध्येच लेखी पत्राने कामावर बोलावले, तर त्याच दिवशी हजर व्हा. दावा मागे घेण्याची अट घातली तर हजर राहूनच त्या अटीला लेखी नकार द्या आणि त्या पत्राची प्रत आपल्या वकिलाकडे पोहोचवा.