ब्राउझरसाठी साधा आणि आपली माहिती न विकणारा अ‍ॅडब्लॉकर कोणता?

फायरफॉक्स वापरत असाल तर यूब्लॉक ओरिजिन, क्रोम असेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट. टाका आणि विसरून जा.

'फुकट देतात म्हणजे आपलीच माहिती विकत असणार' ही तुमची शंका मात्र रास्त आहे. असं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकताना ब्राउझर बहुतेक वेळा काय परवानगी मागतो ते एकदा वाचा: सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं. ही तर घराची किल्लीच झाली! म्हणून मी फीचर्स नंतर बघतो, आधी बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते बघतो.

यूब्लॉक ओरिजिन रेमंड हिल बनवतो. तो देणगीसुद्धा घेत नाही, कोड सगळ्यांना खुला आहे. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी अशा, जाहिराती आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर ओळखायच्या याद्या तुमच्या मशीनवर उतरतात आणि काय अडवायचं ते तिथेच ठरतं. तुम्ही कुठली पानं उघडली हे त्याच्याकडे जात नाही. याउलट अ‍ॅडब्लॉक प्लस 2011 पासून काही 'स्वीकारार्ह' जाहिराती आपणहून जाऊ देतं आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतं. चोरून नाही, सांगून करतात. सेटिंगमध्ये ते बंदही करता येतं. पण मला तो धंदा पटत नाही.

नाव नीट बघा. 2015 मध्ये हिलने मूळ यूब्लॉक दुसऱ्याच्या हाती दिलं आणि स्वतःचं 'ओरिजिन' वेगळं काढलं. नुसतं 'यूब्लॉक' दिसलं तर ते त्याचं नव्हे.

क्रोमवर 'लाइट' का? मॅनिफेस्ट व्ही3 या गूगलच्या एक्स्टेंशनसाठीच्या नियमांमुळे एक्स्टेंशनला आता पान इंटरनेटवरून मागवतं ती प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून अडवता येत नाही. काय अडवायचं त्याची यादी आधीच ब्राउझरकडे द्यावी लागते. त्यामुळे लाइट थोडं लंगडं आहे, पण बातम्यांच्या साइटवर दर दोन परिच्छेदांनंतर येणारी जाहिरात घालवायला पुरतं. फोनवर हवं असेल तर अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये पूर्ण ओरिजिन चालतं.

दोन अ‍ॅडब्लॉकर एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात. आणि एखाद्या साइटवर पेमेंटचं पान अडकलं तर ओरिजिनच्या चिन्हावर क्लिक करा, मोठं पॉवरचं बटण दाबा, पान रिफ्रेश करा. तेवढ्या साइटपुरतंच ते बंद होतं.