डिफचं कव्हर पुन्हा पुन्हा गळत असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिकअप ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलचं (डिफ, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचं) कव्हर दोनदा उघडून, दुसऱ्या वेळी भरपूर सिलिकॉन (जोड बंद करणारी पेस्ट) लावून बसवलं, तरी काही दिवसांत खालची कड पुन्हा ओली. आता कागदी गॅस्केट घालून दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावलं तर थांबेल का?

नाही थांबणार, उलट वाढू शकेल. ओल्या सिलिकॉनवर कागदी गॅस्केट घसरतं आणि बोल्ट आवळताना आतल्या बाजूला सरकतं. एक काहीतरी निवडा: गॅस्केट किंवा सिलिकॉन. पण त्याच्याही आधी, सिलिकॉन कमी पडल्यामुळे कव्हर गळतं हा समज सोडा. गळणाऱ्या कव्हरांवर सिलिकॉन बहुधा गरजेपेक्षा जास्तच असतं. कमी पडलेली असते ती पृष्ठभागाची तयारी.

पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही. तेल खरंच कव्हरच्या जोडातूनच येतंय का ते बघा. गाडी धावताना पुढच्या पिनियन सीलमधून (इंजिनाकडचा शाफ्ट डिफमध्ये शिरतो तिथलं सील) आलेलं तेल हाउसिंगच्या, म्हणजे डिफच्या धातूच्या कवचाच्या, पोटावरून मागे जातं आणि कव्हरच्या खालच्या कडेवर थेंब धरतं. फिलर प्लग कव्हरवरच असेल तर त्याचे आटेही पाझरतात. जुन्या पत्र्याच्या कव्हरला गंजून टाचणीएवढी भोकं पडलेली असतात आणि ती बऱ्याचदा रंगाच्या किंवा चिखलाच्या थराखाली लपतात. म्हणून सगळं हाउसिंग स्वच्छ धुऊन वाळवा, जोडावर आणि आसपास टाल्कम पावडर भुरभुरवा, डिफ चांगला गरम होईपर्यंत गाडी चालवा आणि मग टॉर्च घेऊन खाली जा. पांढऱ्यावर तेलाची रेघ जिथून सुरू झालेली दिसेल तिथे दोष आहे.

दुसरं, ब्रीदर. हा भाग फार जण विसरतात. अ‍ॅक्सल ट्यूबवर किंवा हाउसिंगच्या माथ्यावर एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. तिचं काम एवढंच की आतली हवा गरम होऊन फुगली की बाहेर जावी. ती चिखलाने बुजली तर तापमान ३० अंशांवरून ९० अंशांवर जाईपर्यंत आतला दाब जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो, आणि तो दाब सील, जोड, प्लग यांतला सगळ्यात कच्चा भाग शोधतो. उलट गरम डिफ पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्याच वाटेने पाणी आत ओढलं जातं. काढलेलं तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर हे झालेलं आहे. ब्रीदर काढून फुंकून बघा, नळी तुटली किंवा चिमटली आहे का तेही बघा. हे न करता कव्हर दहा वेळा बसवलंत तरी उपयोग नाही.

आता कव्हर उघडायचं. ज्या गाड्यांत मागून कव्हरच निघत नाही, म्हणजे मागचा घुमट हाउसिंगला वेल्ड केलेला असतो आणि क्राउन-पिनियन या मुख्य गिअरांचा अख्खा जोड पुढून बाहेर येतो (बऱ्याच जड ट्रकांत असं असतं), त्यांत जोड पुढच्या बाजूला येतो आणि आधी अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढावे लागतात. तयारीचे नियम तेच, काम मात्र मोठं.

मागून उघडणाऱ्या डिफमध्ये सर्वांत आधी फिलर प्लग सैल होतो का ते बघा. तेल काढून टाकलं आणि मग प्लग गंजून अडकलेला निघाला तर गाडी जागेवरच राहते. मागची बाजू उचलायची असेल तर पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, कारण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर काम करतो आणि ती आता हवेत आहेत. स्टँडशिवाय नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.

कव्हरचे सगळे बोल्ट काढा, पण वरचे दोन चार-पाच आट्यांवर राहू द्या. मग खालची कड हळूच सुटवा म्हणजे तेल ट्रेमध्ये पडेल, अंगावर नाही. सुटवताना पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगच्या तोंडावर रेटू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे तेलाला तयार वाट. एखाद्या बोल्टखाली गिअरचं गुणोत्तर लिहिलेली धातूची पट्टी असेल तर ती जपून ठेवा, परत त्याच बोल्टखाली जाईल. डिफमधल्या मॅग्नेटवरची राखाडी चिकट पूड नेहमीची आहे. चकत्या किंवा तुकडे निघाले तर विषय कव्हरचा राहत नाही.

खरवडण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळं यश इथेच आहे. गिअरवर स्वच्छ फडकं झाका. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पातीने काढा. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्यांचा मोह टाळा. त्यांचा कणखर भुगा तेलात मिसळून बेअरिंगमध्ये जातो आणि मऊ धातूवर खड्डेही पाडतो. बोटाचं नख फिरवून बघा, कुठेही अडखळायला नको. जुन्या सिलिकॉनचा पातळ चकाकता थरसुद्धा राहू देऊ नका, नवं सिलिकॉन सुकून पक्क्या झालेल्या जुन्यावर नीट धरत नाही. बोल्टच्या भोकांतले आटे आणि बोल्टही साफ करा.

कव्हर काचेवर किंवा सपाट लादीवर पालथं ठेवा. पत्र्याच्या कव्हरला आधीच्या माणसाने जोर लावून आवळलं असेल तर प्रत्येक भोकापाशी पोचा येतो आणि दोन बोल्टांमधली कड उचलली जाते. जास्त आवळलं की गळणं थांबतं या समजुतीनेच अशी कव्हरं बिघडतात. भोकांपाशी हाउसिंगच्या बाजूला आलेला उंचवटा कव्हर उताणं टाकून, म्हणजे जोडाची बाजू वर करून, गोल तोंडाच्या हातोडीने हलकेच बसवा आणि पुन्हा सपाट लादीवर तपासा. गंजाची भोकं असतील तर कव्हर बदला. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची जाड कव्हरं सहसा वाकत नाहीत, पण बाहेरून घेतलेलं कव्हर असेल तर आतून क्राउनला आणि बाहेर जवळच्या भागांना घासत नाही ना ते बसवण्याआधी बघा.

आता खरा कळीचा मुद्दा. तेलाची पातळी साधारण फिलरच्या भोकाजवळ असते, म्हणजे कव्हरचा खालचा मोठा भाग गाडी उभी असतानाही तेलात बुडालेला असतो. आणि तेल काढलं तरी गिअर, ट्यूब आणि बेअरिंगांवरचं जाड तेल तासन् तास खाली ओघळत राहतं. तुम्ही कड पुसून कोरडी केली, सिलिकॉनची नळी उघडली, कव्हरवर थर दिला, तोवर हाउसिंगच्या खालच्या ओठावर नवीन थेंब आलेला असतो. त्यावर सिलिकॉन चिकटत नाही. तुमची गळती दरवेळी खालच्याच कडेला होते त्याचं कारण मला बहुतेक हेच वाटतं. शक्य असेल तर डिफ रात्रभर उघडा निथळू द्या, आत धूळ जाऊ नये म्हणून वर स्वच्छ कापड बांधा. घाई असेल तर आतल्या खालच्या कोपऱ्यात चिंधी दाबून ठेवा, ती तेल शोषत राहील, आणि कव्हर लावायच्या अगदी आधी काढा. आठवणीने काढा. शेवटचं पुसणं खालच्या ओठाचं, आणि ते सिलिकॉन कव्हरवर लावून झाल्यानंतर.

पुसायला ब्रेक क्लीनर फडक्यावर मारा, डिफच्या पोटात फवारू नका, नाहीतर बेअरिंगवरचा तेलाचा थर धुतला जातो. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. हवा खेळती ठेवा, आणि या रसायनाच्या आसपास वेल्डिंग किंवा ज्योत अजिबात नको.

सिलिकॉन निवडताना नळीवर गिअर ऑइलला टिकतं असं लिहिलेलं बघा. गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, साधं सिलिकॉन त्यांत मऊ पडू शकतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे नको, त्यातून सुटणारं आम्ल धातूला गंज आणतं. लिमिटेड स्लिप डिफ (एकच चाक मोकळं फिरू न देणारा) असेल तर घर्षण बदलणाऱ्या अ‍ॅडिटिव्हसोबत चालेल असं बघून घ्या.

थर कव्हरवर द्या, सलग, ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. काही जण प्रत्येक भोकाभोवती वेढाही देतात, हरकत नाही, पण मुख्य रेघ आतून अखंड गेली पाहिजे. सुरुवात आणि शेवट वरच्या भागात एकमेकांवर आणा, तेलाखालच्या बाजूला नाही. जास्तीचं सिलिकॉन आत पिळून पडतं आणि त्याचे तुकडे तेलात फिरतात, त्यामुळे टूथपेस्टची उदारता इथे दाखवू नका.

पृष्ठभागावर साय धरायच्या आत कव्हर बसवा, म्हणजे दहा मिनिटांत. सरळ आत न्या, सरकवू नका. सगळे बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोर आळीपाळीने. इथे दोन मतं आहेत: काही नळ्यांवर लिहिलेलं असतं की हलकेच आवळा, तासभर थांबा, मग पूर्ण टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर). काही म्हणतात लगेच पूर्ण आवळा. मी नळीवर लिहिलंय तसं करतो. फक्त अर्धवट सुकल्यावर कव्हर हलवायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. बऱ्याच पिकअपना ३५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे हाताच्या जोराने पिळण्यापेक्षा बरंच कमी. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा.

मग थांबा. साधं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, कडेकडून आत, आणि पूर्ण व्हायला सहसा २४ तास घेतं. थंड कोरड्या हवेत त्याहून जास्त. तेल त्यानंतरच भरायचं. गाडी त्याच दिवशी हवी असेल तर सरळ गॅस्केट वापरा. धातूच्या गाभ्यावर रबर चढवलेली, पुन्हा वापरता येणारी गॅस्केटं येतात. ती कोरड्या, स्वच्छ आणि सपाट जोडावर, सिलिकॉन न लावता बसवायची असतात आणि लगेच तेल भरता येतं. पोचे असलेल्या कव्हरला मात्र गॅस्केट माफ करत नाही, तिथे सिलिकॉनचीच थोडी मदत होते.

तेल मॅन्युअलमधल्या प्रतीचंच, बहुधा जीएल-५, ७५डब्ल्यू-९० किंवा ओढाईच्या गाडीला ७५डब्ल्यू-१४०. गाडी सपाट उभी असताना भरा; भोकातून ओघळायला लागलं की बास, काही गाड्यांत पातळी भोकाच्या थोडी खाली ठेवायची असते. जास्त भरलेलं तेल ब्रीदरमधून आणि चाकाच्या सीलमधून बाहेर येतं, आणि मग ब्रेकवर जातं.

एखाद-दोन दिवस गाडी चालवून पुन्हा पावडरची तपासणी करा. ओल दिसली म्हणून बोल्ट आणखी आवळायला जाऊ नका, पक्कं झालेलं सिलिकॉन त्याने फाटतं. कव्हरचा जोड कोरडा आणि तेल समोरून, पिनियनच्या बाजूने येत असेल तर पिनियन सीलचं बघू. तिथलं नट आवळायचं गणित वेगळं आहे, त्यामुळे ते सुटं करण्याआधी गाडीचं मॉडेल इथे लिहा.