पाचोळ्यातला रातवा, उंबरातले हरियल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा आखाडा (शेतातले घर) जिंतूर तालुक्यात असून घरामागच्या परड्यात सीताफळी आणि कडुलिंब आहेत. पानगळ झाल्यापासून एक तपकिरी-करडा पक्षी दिवसभर पाचोळ्यात जमिनीला चिकटून बसलेला असतो आणि अंधार पडला की ‘चुक-चुक-चुक-चुकर्र’ असा आवाज येतो. माझ्याकडे ३०० मि.मी.पर्यंतची झूम लेन्स आहे, परंतु पाच मीटरांवरून काढलेल्या छायाचित्रांतही पाचोळाच उठून दिसतो आणि पक्षी घरच्यांना बोट ठेवून दाखवावा लागतो. भोवतालची पाने झाडून काढावीत का?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून आणि विशेषतः आवाजावरून तो रातवा असावा. पाने झाडू नयेत, ही विनंती सर्वांत आधी. रातवा संध्याकाळनंतर उडते किडे पकडून जगतो आणि दिवस जमिनीवर निपचित बसून काढतो. या काळात कावळा, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून त्याचा बचाव करणारी गोष्ट म्हणजे त्याचा रंग आणि त्याची निश्चलता. तो घरटे बांधत नाही. उन्हाळ्यात मादी उघड्या जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालते, त्यामुळे आपल्याला दिसणारा पक्षी अंड्यांवर बसलेला असण्याची शक्यताही धरून चालावे. शिवाय झाडलेल्या मोकळ्या मातीवर बसलेला रातवा म्हणजे रातव्याचे खरे छायाचित्र नव्हेच, कारण त्याच्या पिसांवरची प्रत्येक रेघ त्या पाचोळ्यासाठीच आहे.

आपली अडचण लेन्सची नसून उंचीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उभे राहून खाली पाहिले की पक्षी आणि त्याच्या पाठीमागची जमीन कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात, म्हणून दोन्ही सारखीच स्पष्ट उमटतात आणि पाठीवरच्या काळ्या रेघा व पंखांवरचे फिकट ठिपके त्याची बाह्यरेषा मोडून टाकण्याचे आपले काम चोख पार पाडतात. त्याऐवजी जमिनीवर पालथे झोपून लेन्स वीतभर उंचीवर आणावी. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मि.मी. आणि लेन्सचे छिद्र एफ ५.६ ठेवून पाच मीटरांवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा असतो. एवढ्या कमी उंचीवरून पाहिल्यास पुढचा आणि मागचा पाचोळा त्या पट्ट्याबाहेर जाऊन धूसर होतो आणि एकही पान न हलवता पक्षी त्यातून वेगळा निघतो. लेन्सखाली ज्वारीने अर्धी भरलेली कापडी पिशवी ठेवली, तर ट्रायपॉडपेक्षा अधिक सोयीचा टेकू मिळतो.

स्वयंचलित फोकसवर येथे विसंबू नये. तो रंगछटांमधला फरक शोधतो, आणि सुकलेल्या पानाची कड व तिच्याखालची सावली यांतला फरक रातव्याच्या पिसांपेक्षा कितीतरी ठळक असतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारे नवे कॅमेरेसुद्धा येथे चुकतात, कारण दिवसा तो डोळा केवळ एक फट असते. एकच फोकसबिंदू निवडून तो त्या फटीवर ठेवावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे पडद्यावरची प्रतिमा मोठी करून हाताने फोकस करावा. रातवा जागचा हलत नाही, ही आपली मोठी सोय आहे. उडत्या पक्ष्यासाठी लागणाऱ्या शटरवेगाची येथे गरज नसल्याने टेकू भक्कम असल्यास सेकंदाच्या १२५व्या भागाचा वेगही पुरतो आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनक्षमता) खाली ठेवता येऊन पिसांचा बारीक तपशील टिकतो. मोबाइलच्या छायाचित्रात नेमका हाच तपशील पुसला जातो, कारण दाणेदारपणा घालवताना मोबाइल बारीक रेघाही सपाट करून टाकतो.

वेळ सकाळची निवडावी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात नऊ वाजले की जमीन तापून हवा लहरू लागते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून ही थरथर थोड्या अंतरावरही चित्राची धार घालवते; शिवाय डोक्यावरच्या उन्हात फांद्यांच्या सावल्या पक्ष्यावर पडून त्याचे आणखी तुकडे होतात. सकाळच्या तिरप्या उजेडात छातीचा गोलावा आणि चोचीजवळचे राठ केस उठून दिसतात. मागे काळी माती असेल तर कॅमेरा चित्र गरजेपेक्षा उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) दोन-तृतीयांश पायरीने कमी करावे. जवळ जाताना थेट समोरून न जाता कडेने, थांबत-थांबत सरकावे. डोळ्याची फट रुंदावली किंवा पक्ष्याने अंग हलवले, तर तेथूनच मागे फिरावे. रात्री फ्लॅश वापरू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो दिपवतो आणि रातव्याची शिकार सर्वस्वी डोळ्यांवर अवलंबून असते.

प्रश्न : नांदेडला आमच्या वाड्यामागे जुना उंबर आहे. त्यात हरियल (हिरवी कबुतरे) येतात हे शिटीसारख्या आवाजावरून आणि खाली पडणाऱ्या फळांवरून कळते, पण तासभर मान वर करूनही ते दिसत नाहीत. छायाचित्र कसे घ्यावे?

उत्तर : आपल्या राज्यपक्ष्याला झाडाखालून शोधणे सोडून द्यावे. खालून पाहताना तो पानांच्या सावलीत असतो आणि पानांमधून चमकणाऱ्या आकाशामुळे डोळा व कॅमेरा दोघेही फसतात. गच्चीवर जावे, म्हणजे झाडाचा शेंडा आपल्या नजरेच्या पातळीवर येईल आणि पाठीमागे आकाशाऐवजी दूरची झाडे असतील. दुसरे असे की हरियलांचे थवे भल्या सकाळी उंच झाडांच्या शेंड्यांवर, त्यातही निष्पर्ण फांद्यांवर, ऊन घेत बसतात; जवळपास पानगळ झालेला पिंपळ असेल तर पिवळे पाय आणि खांद्यावरचा जांभळट डाग उघड्यावर दिसण्याची ती खात्रीची जागा आहे. मागे आकाशच येत असेल, तर एक्स्पोजर एक पायरी वाढवावे, नाहीतर पक्षी काळा उमटतो. उंबरात तो पानांआड बसलेला असताना डोळे एका फांदीवर न खिळवता सगळ्या झाडावर सैल ठेवावेत. फळ तोडताना हलणारे पान तेव्हा लगेच लक्षात येते.

प्रश्न : लातूरजवळ आमच्या नव्या घराच्या मागे मुरमावर टिटवीने चार अंडी घातली आहेत. ती खड्यांसारखीच दिसतात. जवळ जाऊन छायाचित्र घेतले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे. त्याहून निकडीचे कारण उन्हाचे आहे : टिटवी या दिवसांत पोटाची पिसे भिजवून आणून अंडी गार ठेवते आणि अंड्यांवर सावली धरून बसते. आपण जवळ उभे राहाल तितका वेळ ती दूर घिरट्या घालत ओरडत राहील आणि अंडी तापतील. घराची खिडकी हाच आपला आडोसा करावा. पडदा अर्धा ओढून, तावदान उघडे ठेवून, आत अंधार करून बसल्यास काही वेळाने ती आपली दखल घेईनाशी होते. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. पिल्ले बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि आईबापांनी इशारा देताच मुरमात जागच्या जागी दबून राहतात, म्हणून त्या दिवसांत मागच्या अंगणात पाय जपून टाकावा, कुत्रे बांधून ठेवावे आणि छायाचित्रे खिडकीतूनच घ्यावीत.