लेकराला संगीत-खेळाच्या तासातून सूट मागावी का?

जुलै उजाडला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. शाळेनं पहिली ते चौथीला चित्रकला, संगीत, खेळ, संगणक, इंग्रजी बोलणं यासाठी वेगवेगळे शिक्षक नेमलेले असतात. प्रवेश घेताना हे ऐकून आई-वडील खूश होतात. महिन्याभरात लेकरू कुरकुरायला लागतं आणि मग विचारणा सुरू होते : या जादा तासांतून आमच्या लेकराला सूट मिळेल का? तेवढ्या वेळात त्याचं गणित तरी पक्कं होईल.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक वडील असाच अर्ज लिहून घेऊन आले होते. खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे, मुलाच्या शिक्षणासाठी जीव टाकणारे. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा चौथीत. शाळा उघडल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, जंताची गोळी झाली, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. हे आधी करून घेतलं ते योग्यच केलं. पोटदुखी मनाची आहे असं शरीर तपासल्याशिवाय कुणी म्हणू नये.

"मॅडम, डॉक्टर म्हणतेत काहीच नाही. पण लेकरू खोटं बोलणाऱ्यातलं नाही," वडील म्हणाले. "ह्या गाण्या-खेळाच्या तासापायी ते आजारी पडायलंय. पुढच्या वर्षी नवोदयची परीक्षा हाय. तुम्ही एक शिफारस लिहून द्या, त्या तासांना त्याला बाजूला बसून गणितं करू द्या म्हणावं."

मी शिफारस दिली नाही, नाहीही म्हटलं नाही. आईला विचारलं, पोट कोणत्या दिवशी दुखलं हे सांगता येईल का. आईकडे त्याचं उत्तर तयार होतं. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या दुधाचा हिशोब लिहितात. ज्या दिवशी मुलगा शाळेला गेला नाही किंवा रडत गेला, त्या चौकोनात दुधाच्या आकड्याखाली त्यांनी बारीक 'पो' लिहून ठेवला होता. पुढच्या भेटीला ती पानं आणि शाळेचं वेळापत्रक सोबत आणायला सांगितलं.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. 'पो' मंगळवारी आणि शुक्रवारी होता. मंगळवारी इंग्रजी बोलण्याचा तास, शुक्रवारी मैदान. संगीत गुरुवारी आणि चित्रकला बुधवारी, त्या दोन्ही वारी एकही 'पो' नव्हता. वडिलांनी पानं उलटसुलट करून दोनदा पाहिलं.

मुलाशी एकट्याशी बसले तेव्हा तो फारसं बोलला नाही. मैदान काढून दाखव म्हटलं. त्यानं उंचीप्रमाणं उभी असलेली पोरांची रांग काढली, प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा घातला, आणि तेराव्या मुलाला पेन्सिलीनं गच्च काळं करून टाकलं. हा कोण, विचारलं. तो बोलायला लागला आणि 'मी'च्या आधीच अडकला. मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मी वाट पाहिली. शब्द आला.

पहिल्या बैठकीत तासभर बोलूनही आई-वडिलांनी त्याच्या अडखळण्याचा उल्लेख केला नव्हता. लपवायचं म्हणून नव्हे. घरात तो कमी अडखळतो, आणि 'जरा बोबडं हाय, मोठं झाल्यावर जातंय' अशी सगळ्यांची समजूत होती.

पुढचं त्यानंच सांगितलं, थांबत थांबत. मैदानावर सर रांगेला गिनती करायला लावतात. प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं आणि झटकन म्हणायचा. 'बारा' निघतं, 'तेरा' निघत नाही. म्हणून तो गिनती सुरू व्हायच्या आत पुढच्या पोराशी जागा बदलायचा. मग उंचीची रांग बिघडते आणि सर ओरडतात. इंग्रजीच्या तासाला उभं राहून 'माय नेम इज' म्हणायचं आणि आपलं नाव सांगायचं. पहिले तीन शब्द येतात, नाव येत नाही. मागून कुणीतरी त्याचं नाव त्याच्याच ढंगात अडकत म्हणतं.

अडखळणाऱ्या माणसांना स्वतःचं नाव सांगणं बहुतेकदा सगळ्यांत जड जातं. दुसरा शब्द अडला तर ते त्याच अर्थाचा तिसरा शब्द पटकन शोधतात, सराईतपणे. नावाला पर्याय नसतो. रांगेतल्या आकड्यालाही नसतो. या मुलाला खेळाचं किंवा इंग्रजीचं वावडं नव्हतं. ठरलेला शब्द, ठरलेल्या क्षणी, सगळ्यांसमोर म्हणायचा, एवढ्याच गोष्टीनं त्याचं पोट दुखायचं.

मग मी त्याच्या वर्गशिक्षिकेशी बोलले. या बाईंकडे तो तिसरीपासून होता आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या हजेरीला 'हात वर करा' म्हणतात आणि सगळ्याच वर्गाला तसंच सांगतात. त्याला उत्तर फळ्यावर लिहायला बोलावतात. वाचन असेल तर बाकावरच्या जोडीदाराबरोबर एका सुरात वाचायला लावतात, कारण सोबत वाचताना तो अडकत नाही हे त्यांनी स्वतः पाहून हेरलं होतं. कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. दोन वर्षं रोज पाच तास एका लेकराकडे नीट पाहिलं, त्यातून आलेलं हे शहाणपण. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

हे शहाणपण त्या एका खोलीबाहेर गेलं नव्हतं. खेळाचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम मानधनावर, अर्धा दिवस इथे आणि अर्धा दुसऱ्या शाळेत. शिक्षकांच्या बैठकीला ते हजर नसत, कारण त्या वेळी त्यांचा तास दुसरीकडे असे. आठ तुकड्या, तुकडीला चाळीस मुलं धरा : आठवड्यातून एकदा पस्तीस मिनिटं दिसणारी तीनशे वीस लेकरं. त्यात कोण कुठे अडकतं हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत हा प्रश्न येत नाही. तिथे गणित शिकवणारे गुरुजीच कवायत घेतात, तेच गाणं घेतात. त्यांना चित्रकलेतलं तंत्र माहीत नसेल, पण लेकरू माहीत असतं. शिक्षणहक्क कायद्यातही कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकांची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकांची, अट आहे ती सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभराच्या वर असेल तिथे. पहिली ते पाचवीला ती नाही. म्हणजे प्राथमिकला विषयवार शिक्षक ठेवणारी शाळा पदरचा खर्च करून जास्तीचं देते आहे, आणि ते चांगलंच आहे. फक्त शिक्षक वाढवले की त्यांच्या आपसात बोलण्याची सोयही वाढवावी लागते. ती बहुतेक ठिकाणी राहून जाते.

याचा फटका प्रगतिपत्रकालाही बसतो. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मूल्यमापन पूर्णपणे आकारिक आहे, म्हणजे वर्गात वेळोवेळी पाहून केलेलं; त्यांना वेगळी लेखी परीक्षा नाही. शिक्षकाला जे दिसलं, त्याची वर्णनात्मक नोंद होते. या मुलाच्या नोंदीत खेळासाठी लिहिलं होतं : 'सूचना पाळत नाही, रांग मोडतो.'

संगीताच्या सरांची भेट मात्र वेगळीच झाली. "अडखळतो? माझ्या तासाला तर कधीच नाही!" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. कारण गाताना तो अडखळतच नाही. अडखळणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं : गाताना किंवा इतरांबरोबर एका सुरात म्हणताना शब्द सरळ येतात. आजोबांनीही त्याला दुजोरा दिला. "कार्तिकात काकड्याला माझ्या संगं उभा राहतंय. अभंगात येकदाबी अडकत नाही." १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या समूहगीतासाठी सरांनी त्याला पहिल्या रांगेत घेतलं होतं. घरी त्यानं ते सांगितलंच नव्हतं, वडील तास बंद करतील म्हणून.

वडिलांच्या अर्जावर शिफारस दिली असती तर आठवड्यातली ती पस्तीस मिनिटंही गेली असती, ज्यात या मुलाचं तोंड मोकळं उघडतं. हे वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

अडखळण्याबद्दल जे घरी सांगितलं ते थोडक्यात असं. हे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतं, काही घराण्यांत चालत येतं. बऱ्याच लेकरांचं आपोआप जातं, पण आठ-नऊ वर्षांपर्यंत टिकलं तर नुसती वाट पाहू नये. ते भीतीमुळे होत नाही, कुणाची नक्कल केल्यानं जडत नाही. ताणानं वाढतं एवढं खरं. 'हळू बोल', 'श्वास घे' असं सांगितल्यानं उलट आणखी घट्ट होतं. त्याचा शब्द आपण पुरा करू नये, डोळ्यांत पाहावं आणि थांबावं. जिल्हा पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. जिथे वाचा-उपचार तज्ज्ञ आहेत तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत दाखवता येतं. या मुलाचे उपचार तसे सुरू झाले.

शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक एकत्र बसले. त्याआधी मी मुलाला विचारलं, कुणाला काय सांगू. तो म्हणाला, "पोरांना नका सांगू. सरांना सांगा." तेवढंच पाळलं. खेळाच्या सरांनी गिनती स्वतःच बोटानं करायला घेतली, सगळ्याच तुकड्यांना. इंग्रजीच्या मॅडमनी ओळख जोडीजोडीनं करून घ्यायचं ठरवलं, दोघांनी मिळून दोघांची नावं म्हणायची. एकट्यानं बोलायचं असेल तर ज्याचा हात वर असेल तोच बोलेल. नियम सर्वांना सारखा ठेवला, म्हणून हा मुलगा त्यात वेगळा उठून दिसला नाही. नक्कल करणाऱ्या पोराशी वर्गशिक्षिका एकांतात बोलल्या.

राहिली नवोदय. ही काळजी खोटी नाही. जिल्ह्याला एक विद्यालय, सहावीला जास्तीत जास्त ८० जागा आणि बसणारी लेकरं हजारोंनी. पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, त्यातले ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे : आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, आकृतीत दडलेली आकृती. चित्रकलेच्या तासाला कागद दुमडणाऱ्या मुलाला हे परकं वाटत नाही, एवढं मी वडिलांना सांगितलं. पण माझा भर त्यावर नव्हता. चित्र, गाणं, मैदान यांना परीक्षेतल्या उपयोगाचा दाखला द्यावा लागू नये. नऊ वर्षांच्या लेकराचा त्यावर तसाच हक्क आहे. तयारीसाठी घरी संध्याकाळी पाऊण तास ठरवला, तो पुरेसा आहे.

सूट कधीच मागू नये असं नाही. दमा, हृदयाचा आजार, हाड मोडलेलं असेल तर डॉक्टरांचं पत्र देऊन मैदानातून जरूर मागावी. आणि कुणी मारत असेल, टोचून बोलत असेल तर सूट मागून भागणार नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घालतं, तिथे लेखी तक्रारच द्यावी. बाकी वेळी आधी महिनाभर वार टिपून वेळापत्रकाशेजारी ठेवा, आणि लेकराला 'तास आवडतो का' याऐवजी 'त्या तासाला काय करावं लागतं' असं विचारा.

दिवाळीपर्यंत आईच्या दिनदर्शिकेवरचे 'पो' तुरळक झाले. तोंडी परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा दोन आले. तो अजून अडखळतो, बहुधा पुढेही थोडं अडखळेल, आणि ते चालण्यासारखं आहे. दुसऱ्या सत्राच्या प्रगतिपत्रकात खेळाच्या सरांनी नोंद बदलली : 'धावण्यात चपळ, गटाला सांभाळून घेतो.'

पाचवीत वर्गशिक्षिका बदलणार, इंग्रजीच्या मॅडमही दुसरीकडे चालल्यात. म्हणून जुन्या बाईंनी एका पानावर चार ओळी लिहून मुख्याध्यापकांकडे दिल्या आहेत. आईनं त्याची झेरॉक्स काढून घेतली. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच त्या प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला स्वतः जाऊन भेटणार आहेत. या वेळी मुलगाही सोबत येतो म्हणाला.