गांजा घेतला की भीती वाटत नाही, मग तेच औषध का नको?

"मॅडम, घेतल्यावर मला लिफ्टची भीती वाटत नाही. मग औषध समजून घेतलं तर काय बिघडलं?" असा प्रश्न समुपदेशक म्हणून मला हल्ली वेगवेगळ्या रूपांत वरचेवर येतो. कुणी गांजा ओढतं, कुणी गांजाच्याच झाडातल्या, पण नशा न आणणाऱ्या सीबीडी या घटकाच्या तेलाचे थेंब जिभेखाली ठेवतं. मनात बसलेली भीती यामुळे पुसली जाते, असं बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. हे विचारणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

त्या एकदा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. दिवे गेले आणि बराच वेळ त्यांच्या हाका कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. त्यानंतर लिफ्टचं दार सरकल्याचा नुसता आवाज आला तरी तळहातांना घाम फुटायचा. आधी जिना धरला, मग वरच्या मजल्यावरच्या बैठकाच टाळायला लागल्या. एका संध्याकाळी मैत्रिणीबरोबर गांजा ओढून त्या लिफ्टने खाली आल्या आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लिफ्टसमोर पाय पुन्हा लटपटले.

त्यांचा अनुभव खोटा नव्हता, आणि ते मी त्यांना आधी सांगितलं. गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक मेंदूतल्या ज्या सीबी-१ ग्राहींवर (रसायनांचे संदेश पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांवर) काम करतो, त्यांच्यावर काम करणारी रसायनं आपलं शरीर स्वतःही तयार करतं. भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागात हे ग्राही आहेत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की हे ग्राही नसलेले उंदीर भीती शिकतात, पण धोका टळल्यावरही ती सोडायला त्यांना फार जड जातं.

माणसांवरचे प्रयोग असे होतात: पडद्यावर एक चित्र दाखवायचं आणि सोबत बोटांना सौम्य विजेचा झटका द्यायचा. थोड्याच वेळात नुसतं चित्र दिसलं तरी घाम येतो, आणि तो यंत्रावर मोजता येतो. मग झटका न देता तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवतात, भीती ओसरते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या ओसरण्याच्या टप्प्याआधी निरोगी लोकांना टीएचसीची 7.5 मिलिग्रॅमची गोळी दिली होती. दुसऱ्या दिवशी गोळीविना तपासलं तेव्हा साधी, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांची भीती परतली होती, टीएचसी घेतलेल्यांची तेवढी परतली नव्हती.

हे ऐकून बाईंचा चेहरा उजळला. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढेच आहे. त्या अभ्यासात एकट्या गोळीने काही केलं नव्हतं. भीतीच्या चित्रासमोर माणूस बसला होता, आता काही वाईट घडत नाही हे त्याचा मेंदू शिकत होता, आणि मोजून दिलेल्या औषधाने त्या शिकण्याला हात दिला. शिवाय जुनी आठवण मेंदूत तशीच राहते. तिच्या शेजारी 'आता धोका नाही' अशी नवी आठवण तयार होते. म्हणून जागा बदलली, दिवस गेले किंवा पुन्हा धक्का बसला की जुनी भीती डोकं वर काढते.

मात्राही नाजूक असते. ताण देऊन केलेल्या एका अभ्यासात 7.5 मिलिग्रॅम टीएचसीने तणाव कमी झाला, तर 12.5 मिलिग्रॅमने मन आणखी बिघडलं. ओढताना अंगात किती गेलं ते कुणाला कळणार? सीबीडीचं चित्रही प्रयोगशाळेत आशादायक होतं. पण उपचारांना दाद न देणाऱ्या चिंताविकारांच्या रुग्णांना भीतीला सामोरं जाण्याच्या सत्रांआधी 300 मिलिग्रॅम सीबीडी दिलं, तेव्हा साध्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तो अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तेलाच्या बाटलीवर पैसे घालवण्याआधी एवढं माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मग आम्ही लिफ्टकडे वळलो. सुरुवातीला नुसतं बाहेर उभं राहून दार उघडताना-मिटताना पाहायचं. नंतर दार उघडं ठेवून आत, आणि मग एक मजला. दर वेळी आत जाण्याआधी त्या वहीत लिहायच्या, "अडकेन, श्वास कोंडेल," आणि बाहेर आल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते. दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. त्यांचा अंगठा पूर्ण वेळ धोक्याच्या घंटीच्या बटणावर असायचा, आणि पर्समध्ये सीबीडीची बाटली असायची. "घेत नाही मॅडम, नुसती असू दे सोबत," त्या म्हणायच्या. पण मग सुखरूप उतरल्याचं श्रेय बाटलीला जातं, आणि लिफ्ट सुरक्षित आहे हे मेंदू शिकतच नाही. आधी अंगठा सुटला. बाटली घरी राहायला जास्त दिवस लागले. पुढे वेगवेगळ्या इमारतींतल्या लिफ्ट घेतल्या, कारण एका लिफ्टमध्ये शिकलेलं दुसरीत आपोआप जात नाही. आता त्या बैठकांना लिफ्टने जातात. काचेची खिडकी नसलेली अरुंद लिफ्ट अजून अवघड जाते, त्यावर काम चालू आहे.

जे रोज गांजा घेतात त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगते. रोजच्या वापराने सीबी-१ ग्राही कमी होतात. साधारण 4 आठवडे बंद ठेवल्यावर ते बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोपमोड आणि भयंकर स्पष्ट स्वप्नं येतात. ती मूळ भीती वाढल्याची खूण समजून लोक पुन्हा सुरू करतात. घरात कुणाला सायकोसिससारखा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) आजार असेल तर टीएचसीपासून लांबच राहा. इतर गोळ्या चालू असतील तर सीबीडीबद्दल डॉक्टरांना सांगा, कारण यकृतात औषधांचं विघटन करणाऱ्या काही एन्झाइम्सना ते रोखतं. समुपदेशकापासूनही लपवू नका. तुम्ही घेता म्हणून आम्ही दार लावून घेत नाही. कधी, किती आणि कशाच्या आधी घेता हे कळलं, तरच सत्र कोणत्या वेळी ठेवायचं आणि सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं.