टी-४ जास्त, पण टीएसएच नॉर्मल: गोळी कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गळा सुजल्यासारखा दिसतो, नाडी ११०च्या आसपास, वर्गात एका जागी बसत नाही. तपासणीत टी-३, टी-४ (थायरॉइडचे हार्मोन) वाढलेले निघाले, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) नॉर्मल. थायरॉइड जास्त आहे म्हणून कार्बिमाझोल सुरू केलं. चार महिन्यांत गळा आणखी वाढला, टीएसएच १८वर गेला, मुलगी दिवसभर पेंगते. ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशनचंही बोलणं झालं होतं. आता दुसऱ्या डॉक्टरांनी जीन तपासणी केली, तर टीएचआरबी जीनमध्ये बदल सापडला. उपचार काय? आणि हे माझ्यामुळे झालं का?
— एक आई

उत्तर : ताई, आधी ऑपरेशनचं सांगते. ते नको.

तुमच्या मुलीची थायरॉइड ग्रंथी बिघडलेली नाही. या आजाराला थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स म्हणतात. १९६७ मध्ये रेफेटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच घरातल्या भावंडांमध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. हार्मोनचं म्हणणं पेशी ऐकतात ते रिसेप्टरमार्फत. त्यातला बीटा रिसेप्टर, जो टीएचआरबी जीनवरून बनतो, तुमच्या मुलीत सदोष आहे आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी त्याच्यावरच विसंबून असते. तिला हार्मोन कमीच वाटतो, म्हणून ती टीएसएच सोडत राहते आणि थायरॉइड जास्त काम करते. हृदयात मात्र अल्फा रिसेप्टर असतो, तो शाबूत आहे. वाढलेला हार्मोन त्याला पुरेपूर लागू पडतो, म्हणून धडधड.

कार्बिमाझोलने हार्मोन कमी झाला, तशी पिट्युइटरीने टीएसएच वाढवला आणि त्या रेट्याने गळा वाढला. ती गोळी बंद करण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला होता, ग्रंथी काढून टाकलेला. थायरॉइड हार्मोनच्या गोळीच्या नेहमीच्या डोसवर टीएसएच ६०च्या खाली येईना. त्याचा योग्य डोस शोधण्यात आमची दोन वर्षं गेली. त्याचं वाईट मला अजून वाटतं, कारण त्याचा पहिला रिपोर्टही तुमच्यासारखाच होता, टीएसएच दबलेला नव्हता. खऱ्या हायपरथायरॉइडमध्ये, म्हणजे ग्रंथीच जास्त काम करते तेव्हा, तो सहसा जवळजवळ शून्यावर जातो. तेवढं पाहूनच ऑपरेशन थांबवायला हवं होतं.

बऱ्याच मुलांना औषधच लागत नाही. वाढलेला हार्मोन सदोष रिसेप्टरची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. नाडी फार वेगात असेल तर अटेनोलॉलसारखं नाडी मंदावणारं औषध देतात; दमा असल्यास आधी सांगा. गळ्याची सूज खूपच मोठी झाली, तर टी-३ मोठ्या डोसमध्ये एक दिवसाआड देण्याची पद्धत आहे, पण ती बालरोग एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाच्या) देखरेखीखालीच. उंची, वजन आणि हाडांचं वय नियमित पाहा. ऐकू येण्याची तपासणी जरूर करा, या मुलांत तो दोष आढळतो. चंचलपणाला शिस्तीचा प्रश्न समजू नका. एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) तपासणी करून घ्या, शाळेलाही सांगा.

तुमच्यामुळे? तुम्ही केलेल्या किंवा न केलेल्या कशानेच हे झालेलं नाही. बदल आईकडून किंवा बाबांकडून येतो, कधी नव्यानेच घडतो. तुम्ही दोघांनी आणि भावंडांनीही टी-४, टीएसएच तपासून घ्या. घरात आणखी कुणाला 'थायरॉइड जास्त' म्हणून गोळ्या चालू असतील, तर तो रिपोर्टही पुन्हा दाखवा.

जीनच्या रिपोर्टची एक प्रत मुलीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा. पुढचा डॉक्टर टी-४चा आकडा वाचेल, त्याआधी हा कागद त्याच्या हातात पडायला हवा.