बायोडेटात महिने लिही

वकिलीच्या बायोडेटात अनुभवाचा काळ नुसता '२०२१ ते २०२३' असा लिहू नकोस, महिनाही टाक. डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२३ म्हणजे जेमतेम चौदा महिने, पण वाचणाऱ्याला दोन-तीन वर्षं वाटतात. मुलाखतीत हे उघडं पडतंच. सनदेआधी, म्हणजे वकिलीचा परवाना मिळण्याआधी, सीनियर वकिलाच्या चेंबरमध्ये काढलेले दिवस इंटर्नशिप म्हणूनच दाखव. कंपनीतल्या पगारी नोकरीचा काळ 'स्वतंत्र वकिली' म्हणून तर मुळीच खपवू नकोस. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. म्हणजे तूच स्वतःविरुद्ध पुरावा तयार करतोस! आठ महिने आईच्या आजारपणात गेले ना? एका ओळीत लिही, कोणी खात नाही. आणि पुढेमागे दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा द्यायची असेल, तर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला लागतो. तिथे तारखा जुळायला हव्यात.